न्यूरोमॅन्सर, स्नो क्रॅश की ट्रू नेम्स: आधी काय वाचावं?

इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी आभासी जगावर लिहिलेलं सायन्स फिक्शन वाचायचं म्हटलं, की बहुतेक जण दोन नावं सांगतात: विल्यम गिब्सनचं ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) आणि नील स्टीफन्सनचं ‘स्नो क्रॅश’ (१९९२). तिसरं नाव, व्हर्नर विंजचं ‘ट्रू नेम्स’ (१९८१), कुणीतरी मागाहून जोडतं. तिन्ही वाचलीत तर उत्तमच. पण पहिलंच पुस्तक अर्ध्यात सुटलं तर पुढची दोन हातातच घेतली जात नाहीत, म्हणून सुरुवात कुठून करायची याला महत्त्व आहे.

माझा कल आधीच सांगून टाकतो. मला आभासी शहरांच्या झगमगाटापेक्षा टोपणनावामागे कोण बसलंय, आणि ते उघड झालं तर काय होतं, यात जास्त रस आहे. तुमचा ओढा निऑन आणि चेस सीनकडे असेल, तर माझं मत थोडं सोडून द्यावं लागेल.

‘न्यूरोमॅन्सर’चं चटकन उरकतो, कारण त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. तिघांत सर्वात देखणी भाषा याचीच. ह्यूगो, नेब्युला आणि फिलिप के. डिक हे सायन्स फिक्शनचे तिन्ही मोठे पुरस्कार त्याला मिळाले, तेही टाइपरायटरवर लिहिलेल्या कादंबरीला. पण नायक केस मॅट्रिक्समध्ये, म्हणजे इथल्या आभासी जगात, शिरतो तेव्हा तो इतरांना कसा दिसतो? कसाच नाही. तिथे नजर आहे, वेग आहे, चेहरा नाही. ओळखीचा प्रश्न खरा चटका देतो तो डिक्सी नावाच्या मेलेल्या हॅकरच्या बाबतीत. त्याचं व्यक्तिमत्त्व एका मेमरीत साठवलेलं आहे, तो केसशी गप्पा मारतो, विनोद करतो आणि मदतीच्या बदल्यात एवढंच मागतो, की काम झालं की मला पुसून टाक. सुरुवातीची पानं मात्र जिवावर येतात. एकही शब्द समजावून न सांगता गिब्सन तुम्हाला ढकलून देतो.

‘स्नो क्रॅश’ याच्या अगदी उलट, पहिल्या पानापासून हसवणारं. फेसबुकने २०२१ मध्ये कंपनीचं नाव मेटा केलं तेव्हा अनेकांना याची नव्याने आठवण झाली, कारण ‘मेटाव्हर्स’ हा शब्द इथलाच, या पुस्तकातल्या आभासी जगाचं नाव. आणि ऑनलाइन माणसं कशी वागतील, याचं निरीक्षण तर इतकं नेमकं, की लेखकाने हे आधी पाहून घेतलं होतं की काय असं वाटावं. स्ट्रीटवर, म्हणजे मेटाव्हर्समधल्या मुख्य रस्त्यावर, फुकटच्या सार्वजनिक टर्मिनलवरून आलेला माणूस धुरकट, कृष्णधवल आणि झटके खात चालणारा दिसतो, आणि बाकीचे त्याला तेवढ्यावरूनच जोखतात. ज्यांना स्वतःचा अवतार, म्हणजे तिथे दिसणारं आभासी शरीर, घडवता येत नाही ते दुकानातला तयार घेतात, त्यामुळे एकाच चेहऱ्याच्या असंख्य बायका फिरत असतात. प्रत्यक्षातल्यापेक्षा उंच दिसायला बंदी, नाहीतर जो तो मैलभर उंच होऊन येईल. आणि नायक हिरो प्रत्यक्षात सामान ठेवायच्या गोदामातल्या एका गाळ्यात राहतो, पण मेटाव्हर्समध्ये त्याचं मोक्याच्या जागी घर आहे, कारण तिथे प्रोग्रॅमिंग करणाऱ्या पहिल्या टोळीत तो होता. या एका तपशिलात प्रतिष्ठेचं अख्खं अर्थशास्त्र येतं.

एवढं असून मी याला पहिला क्रमांक देत नाही, त्याचं कारण ग्रंथपाल.

गोष्ट ऐन रंगात असते. मित्राचा मेंदू डोळ्यांदेखत बाद झालाय, डाव कुणाचा ते कळायला हवंय. अशा वेळी हिरो आपल्या आभासी ऑफिसात जाऊन बसतो आणि ग्रंथपाल नावाचा प्रोग्रॅम त्याला सुमेरी पुराणं सांगू लागतो. एन्की, इनाना, अशेरा, बाबेलचा मनोरा, भाषेचा विषाणू. कल्पना भन्नाट आहे, नाही म्हणणार नाही. पण ग्रंथपालाला स्वतःचं मत नाही, म्हणून हिरोने विचारायचं आणि त्याने उत्तर द्यायचं, अशी तोंडी परीक्षा पानंच्या पानं चालते. ती संपली म्हणून हुश्श करावं, तर पुढे पुन्हा तेच. माझं पुस्तक तिथेच मिटलं आणि बरेच दिवस तसंच पडून राहिलं. नंतर पूर्ण केलं, आवडलंही. पण आजही पुन्हा वाचायला घेतलं की ती पानं मी सरळ उलटतो. काही वाचकांना नेमका हाच भाग प्रिय असतो. त्यांच्याशी मी भांडणार नाही.

‘ट्रू नेम्स’ मी एका बैठकीत संपवलं. लघुकादंबरीच आहे म्हणा, त्यामुळे ही तुलना थोडी अन्यायाची.

सूत्र साधं आहे. जुन्या कथांतला मांत्रिक आपलं खरं नाव जिवापाड जपायचा, कारण ते शत्रूला कळलं की संपलंच. इथे हॅकर्सची तीच गत. नेटवर्कवर मिस्टर स्लिपरी म्हणून दरारा असलेला माणूस घरी रॉजर पोलॅक नावाचा लेखक आहे. तो बागेत टोमॅटो बघत असताना सरकारी माणसं दारात येतात. त्यांना त्याचं खरं नाव कळलंय. बस, आता ती सांगतील ते करायचं. आज एखाद्याचा पत्ता चव्हाट्यावर टाकून त्याला गप्प केलं जातं, त्याची पूर्ण यंत्रणा इथे १९८१ मध्येच मांडलेली आहे.

आभासी जगाची कल्पनाही मला इथलीच जास्त पटते. दलदल, किल्ला, द्वारपाल हे सगळं दिसतं, पण त्याला व्हिडिओएवढाही डेटा लागत नाही. तारेतून येतात ते फक्त इशारे, बाकीचं वापरणाऱ्याची कल्पनाशक्ती भरून काढते. आणि मिस्टर स्लिपरीच्या हॅकर टोळीत मेलमन नावाचा एक सभासद आहे, जो कधीच समोरासमोर बोलत नाही. निरोप ठेवून जातो, उत्तर नेहमी उशिरा येतं. का, हे सांगत नाही. कथेचा कणा तिथे आहे.

विंज गणिताचा आणि कॉम्प्युटर सायन्सचा प्राध्यापक होता. त्यानेच सांगितलेली हकिकत अशी: एकदा घरून लॉगिन असताना एका अनोळखी माणसाशी टाइप करत गप्पा झाल्या, दोघेही एकमेकांचं नाव काढून घ्यायच्या खटपटीत. शेवटी विंजने सांगून टाकलं, की मी माणूस नसून व्यक्तिमत्त्वाची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे, आणखी बोललो तर ते उघडं पडेल. पुस्तक वाचल्यावर ही हकिकत आठवली की मेलमनकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं जातं.

उणिवा आहेत. गद्य सरळसोट, गिब्सनच्या पासंगालाही पुरत नाही. शेवटाकडची नेटवर्कवरची लढाई फारच अमूर्त, कोण कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. पण त्या लढाईनंतर पोलॅक आपल्या साथीदारणीला, एरिथ्रिनाला, प्रत्यक्ष शोधत जातो. स्क्रीनवरच्या माणसाबद्दल आपण परस्पर काय काय गृहीत धरतो, हे तिथे जसं कळतं तसं बाकी दोन पुस्तकांत मला कळलं नाही.

याच वाटेवर अजून मागे जायचं असेल, तर जेम्स टिपट्री ज्युनियरची ‘द गर्ल हू वॉज प्लग्ड इन’ (१९७३) आहे. कुरूप म्हणून हिणवलेली मुलगी तारांना जोडून घेऊन दुसऱ्याच एका सुंदर शरीरातून जगते, आणि ते शरीर लोकांना वस्तू विकायला वापरलं जातं. टिपट्री हे नावही मुखवटाच होतं, मागे ॲलिस शेल्डन ही बाई होती. कथा छोटी आहे, पण पचायला जड. सुरुवात तिच्यापासून नको.

‘ट्रू नेम्स’ घेणार असाल तर २००१ च्या संग्रहात ते गोपनीयता आणि एन्क्रिप्शनवरच्या बऱ्याच निबंधांसोबत आहे. निबंध नंतर वाचा, थेट कथेचं पान काढा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या मार्विन मिन्स्कीचा उपसंहार तर कथा संपेपर्यंत उघडूही नका.