थॉरचे तीन पिक्चर परत बघितले आणि मी अजूनही ओडिनच्याच बाजूने आहे

गेल्या महिन्यात भाचा राहायला आला होता, नववीत आहे, तर त्याच्यासोबत मार्व्हलचा सुपरहिरो थॉर, त्याचे पहिले तीन पिक्चर परत बघून काढले. २०११ चा थॉर, २०१३ चा द डार्क वर्ल्ड आणि २०१७ चा रॅग्नारॉक. तीन रात्री, रोज एक, तिन्ही मिळून साधारण सहा तास. रॅग्नारॉक अर्ध्यावर आला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, खरा व्हिलन तर ओडिनच आहे ना?" त्या रात्री मला झोपच लागली नाही नीट. कारण ओडिन म्हणजे थॉरचा बाप, अ‍ॅसगार्ड नावाच्या देवांच्या राज्याचा राजा, आणि त्याच्याबद्दल हे मी सगळीकडे ऐकतोय, खोटारडा राजा, वाईट बाप, धाकट्या पोराचं, लोकीचं, वाटोळं त्यानेच केलं वगैरे. म्हणून हा रिव्ह्यू थॉरबद्दल कमी आणि त्याच्या बापाबद्दल जास्त आहे.

आधी पिक्चरबद्दल बोलून घेतो. पहिला केनेथ ब्रॅनाचा, थोडा नाटकी आहे, दरबार, मुकुट, मोठे मोठे डायलॉग, पण मला तोच सगळ्यात आवडतो कारण त्यात घरातली भांडणं खरी वाटतात. दुसरा कमजोर आहे, व्हिलन मॅलेकिथ तर लक्षातच राहत नाही. तिसरा टायका वायटीटीचा, रंगीत, भरपूर हसवणारा, केट ब्लँचेटची हेला, म्हणजे थॉरची मोठी बहीण, जबरदस्त. आणि तिन्हीत ओडिन म्हणजे अँथनी हॉपकिन्स. शक्यतो इंग्लिशमध्येच बघा, सबटायटल लावून, कारण त्या माणसाचा आवाज डबिंगमध्ये गेला की अर्धा ओडिन गेला.

आता मुद्द्यावर येतो. हेला दरबारात येऊन छतावरचं चित्र फोडते, वर शांतीचं कुटुंब रंगवलेलं आणि त्याच्या खाली दडवलेलं जुनं चित्र, रक्ताने जिंकलेली नऊ जगं, पुढे हेला आणि सोबत बाप. इथे बघणारे सगळे ओडिनवर उखडतात. मीपण पहिल्यांदा बघितला तेव्हा उखडलो होतो. पण थांबून विचार करा की ही गोष्ट आपल्याला सांगतंय कोण? हेला. आणि तिची तक्रार काय आहे? बापाने माणसं मारली ही नाही, तर बाप थांबला ही! जिंकत असताना, हातात तसलं हत्यार असताना, कोणी अडवायला उरलेलं नसताना हा माणूस थांबला. हरल्यावर शांतीच्या गोष्टी कोणीही करतो हो. सगळं जिंकल्यावर बस झालं म्हणणारे राजे किती सापडतील?

गुन्हा आहे त्याचा, आणि तो मी लपवणार नाही. त्याने ते चित्र झाकलं. मुलांना सांगितलंच नाही की तुम्हाला एक मोठी बहीण आहे आणि आपल्या राज्यातलं हे सोनं कुठून आलंय. सम्राट अशोकाने कलिंगाचा पश्चात्ताप निदान दगडात कोरून ठेवला, एक लाख माणसं मारली गेली असं आकड्यासकट. (अर्थात तो तेरावा शिलालेख खुद्द कलिंगात, धौलीला, कोरलेला नाही. ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासमोर बोलणं राजांना जड जात असावं.) ओडिनने दगडात कोरायच्या जागी वरून रंग मारला. ही त्याची खरी चूक, बाकीच्या सगळ्या चुका हिच्या पोटातून आलेल्या आहेत.

बाप म्हणून म्हणाल तर आपल्याकडे त्याला सरळ धृतराष्ट्र म्हणून मोकळे होतात लोक. अजिबात पटत नाही मला. धृतराष्ट्राला पोरगा चुकतोय हे दिसत होतं तरी त्याने कधी त्याला आवरलं नाही. ओडिनने काय केलं? पहिल्या भागात राज्याभिषेकाच्या दिवशीच पोरगा, म्हणजे थॉर, योटनहाइमला, शत्रू राक्षसांच्या जगात, जाऊन युद्ध लावून आला, तेव्हा हा आठ पायांच्या घोड्यावर बसून आधी पोरांना सोडवायला गेला, तिथे त्यांच्या राजासमोर, लॉफीसमोर, सांगितलं की पोरकटपणा होता, पोरकटपणा समजून सोडून दे, आणि घरी आल्यावर त्याच लाडक्या वारसदाराची सगळी ताकद काढून घेऊन त्याला पृथ्वीवर फेकून दिला. आणि पुढचा सीन बघा, माझा सगळ्यात आवडता. ओडिन थॉरचा हातोडा उचलतो, त्याच्या कानात सांगितल्यासारखं हळू काहीतरी पुटपुटतो, की जो लायक असेल त्यालाच ही ताकद मिळेल, आणि हातोडा पोराच्या मागोमाग फेकतो. म्हणजे शिक्षा दिली आणि परत यायचा रस्तापण सोबतच दिला. पुढे थॉर मरायला टेकतो तेव्हा ओडिन गाढ झोपेत असतो, तरी त्याच्या डोळ्यातून पाणी येतं. बापाने पोराला घराबाहेर काढलं एवढंच लोक लक्षात ठेवतात, हातोडा मागोमाग पाठवला ते कोणी बोलत नाही.

लोकीचं दुखणं मात्र कर्णाचं आहे, आणि तिथे मी पूर्ण लोकीच्या बाजूने आहे. तो मुळात लॉफीचा मुलगा, हे जन्माचं खरं लपवलं, आणि दोघांना लहानपणी सांगितलं की तुम्ही दोघं राजे व्हायला जन्मलात पण गादी एकालाच मिळेल. असं कोणी सांगतं का लहान पोरांना? पण पहिल्या भागातला तळघरातला तो सीन नीट ऐका. लोकी विचारतो मी कोण आहे, ओडिनचं पहिलं उत्तर येतं, माझा मुलगा. मला का उचललंस, तर म्हणतो तू निष्पाप बाळ होतास. दोन राज्यं जोडायची होती, कायमची शांती हवी होती, हे तो नंतर सांगतो, लोकी खोदून खोदून विचारतो तेव्हा. लोकांच्या लक्षात फक्त हे नंतरचं राहतं. अहो, हरलेल्या शत्रूचं टाकून दिलेलं पोर, नुकताच आपला एक डोळा त्याच युद्धात गेलेला, आणि हा ते छातीशी धरून घरी आणतो. मूळच्या नॉर्स कथांमध्ये हे नाहीये, तिथे लोकी ओडिनचा मुलगा नाही, रक्ताची शपथ घेतलेला भाऊ आहे. म्हणजे हे बापलेकाचं नातं कॉमिक्स आणि पिक्चरवाल्यांनी घातलंय, आणि सगळी मजा त्यातच आहे.

दुसऱ्या भागातला ओडिन मला वाचवता येत नाही. लोकीला तोंडावर सांगतो की तुझ्या नशिबात लहानपणीच मरणं होतं. थॉरच्या प्रेयसीशी, जेनशी, घाणेरडा वागतो. बायको फ्रिगा गेल्यावर तर म्हणतो, शेवटच्या माणसाचं रक्त सांडेपर्यंत लढू, आणि थॉर विचारतो मग तुझ्यात आणि मॅलेकिथमध्ये फरक काय, तर म्हणे मी जिंकेन हा फरक. तो जुना ओडिन आहे, छतावर झाकलेला. बायको गेली आणि तो परत वर आला. मला राग नाही येत तिथे, भीती वाटते, कारण कळतं की इतकी वर्षं त्याला तो आत दाबून ठेवणं किती जड गेलं असेल.

आणि मग रॅग्नारॉकमधली नॉर्वेची टेकडी. समोर समुद्र, दोन्हीकडे दोन मुलं. एक मुलगा, लोकी, त्याला जादूने बांधून न्यूयॉर्कच्या वृद्धाश्रमात टाकून स्वतः त्याच्या रूपात गादीवर बसलेला. आणि हा त्याला काय म्हणतो? तुझ्या जादूतून सुटायला मला बराच वेळ लागला, फ्रिगाला अभिमान वाटला असता. एवढं झाल्यावर पोराचं कौतुक! मग दोघांना सांगतो की माझं तुमच्यावर प्रेम आहे, आणि जातो. दोघांना, एकाच वाक्यात. लोकी आयुष्यभर याच्यासाठीच तर भांडत होता.

ज्यांनी तिन्ही बघितलेत त्यांनी एक करा. रॅग्नारॉक संपला की लगेच पहिला भाग लावून शेवटचा पुलावरचा सीन बघा. लोकी भाल्याला लटकलेला आहे आणि ओरडून सांगतोय की मी करून दाखवलं असतं, तुमच्यासाठी, म्हणजे अख्खं योटनहाइम जाळून टाकलं असतं. ओडिन फक्त म्हणतो, नाही लोकी. लोक म्हणतात हा बाप किती कोरडा. २०११ मध्ये लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हेला असेल असं मी म्हणत नाही, पण आता ती माहीत झाल्यावर बघा. एका पोरीने त्याच्यासाठी जगं जाळली होती आणि तो तेव्हा तिच्या सोबत होता. आता दुसरं पोरगं तेच करायला निघालंय, तेपण त्याच्याच नावाने. ते "नाही" तो स्वतःलापण म्हणतोय. फक्त हात सुटायच्या आत अजून एक वाक्य बोलायला पाहिजे होतं, ते त्याला सुचलं नाही.

आम्ही रात्री साडेबाराला हे बघितलं. भाचा काही बोलला नाही, रिमोट घेतला आणि सीन परत मागे नेला.