घराच्या बाहेरच्या रंगात ९०,९८० रुपयांना फसवलं: डब्याचं झाकण आधी बघा

घराला बाहेरून रंग द्यायचा विचार असेल तर हे वाचा आणि मगच कुणाला आगाऊ पैसे द्या. रत्नागिरी जिल्ह्यात आमचं गावचं घर आहे. आई तिथे एकटी असते, मी डोंबिवलीत. पावसाआधी बाहेरचं काम उरकणं भागच होतं. एकदा पाऊस लागला की गणपतीपर्यंत आमच्याकडे भिंत सुकत नाही, आणि मे महिन्यात रंगारी हाताला लागत नाहीत. ही नड आम्ही काम दिलेल्या रंगाच्या कंत्राटदाराने बरोबर ओळखली.

रंग आईनेच शेडकार्डावर निवडला. गेरूसारखा लाल, खिडक्यांभोवती पांढरे पट्टे. तो म्हणाला, "काकी, डार्क शेड आहे, दुकानात मशीनवर काढून घ्यावी लागते. एकदा काढली की परत घेत नाहीत, थोडे जादा पडतील." गडद शेड महाग पडते हे खरंच आहे, म्हणून संशय यायचं कारणच नव्हतं. कंपनीचं सगळ्यात वरच्या दर्जाचं बाहेरचं इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग), एक हात प्रायमर, दोन हात रंग, मालासकट चौरस फुटाला ३२ रुपये. २,६४० चौरस फुटांचे ८४,४८० आणि डार्क शेडचे ६,५००. आगाऊ ५०,०००, पहिल्या हातानंतर ३०,०००, शेवटी १०,९८०. सगळं दिलं, एक रुपया अडवला नाही. पक्कं बिल मागितलं तर "दादा, १८ टक्के जीएसटी उगाच कशाला भरताय" म्हणाला. गावात रंगकामाचं पक्कं बिल कोण घेतं?

डबे अंगणात उतरले त्या दिवशी आईचा फोन आला. "अरे, झाकणं आधीच उघडलेली दिसतायत." मी लगेच त्याला विचारलं. तो म्हणाला, "टोकन काढून घेतो ना आम्ही, त्यासाठी उघडतो." डब्यात रंगाऱ्यासाठी कंपनीचं टोकन असतं, त्यावर त्याला पैसे मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. उत्तर खरं वाटावं असंच होतं आणि मी फोन ठेवला. तो क्षण आजही डोक्यातून जात नाही. टोकन काढायला डबा कामावर, आपल्यासमोर उघडता येतो. त्यासाठी आधीच उघडून आणायची गरज काय? आणि मशीनवर रंग काढायला दुकानात उघडला असेल, तर झाकणावर स्टिकर हवा. तो नव्हता. दुकानात मशीनवर रंग काढला की डब्यावर छापील स्टिकर लावतात. त्यावर शेडचा नंबर, मालाचं नाव, बेस (शेड मिसळण्याआधीचा मूळ रंग), तारीख असते. मला व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंत डब्याची पुढची बाजू, कंपनीचं नाव ठसठशीत. झाकणाचा एकही फोटो नाही. डोंबिवलीत बसलेल्या माणसाने यापलीकडे काय ओळखायचं?

पश्चिमेची भिंत जरा वेगळी दिसते असं आई म्हणाली, तर "सुकल्यावर एकसारखी होईल" हे उत्तर. पहिल्याच मोठ्या पावसात लाल ओघळ पांढऱ्या पट्ट्यांवरून खाली आले. भिंतीवर हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पूड लागते. गोठ्यामागे स्टेनरच्या, म्हणजे पांढऱ्या रंगात मिसळायच्या घट्ट रंगाच्या, रिकाम्या बाटल्या सापडल्या. म्हणजे चांगल्या कंपनीच्या जुन्या डब्यांत हलकं पांढरं इमल्शन ओतायचं आणि हाताने स्टेनर घोटून शेडकार्डाशी जुळवायचं. पहिल्या दिवशी फरक कळतच नाही. शेडचा नंबर जुळला म्हणजे माल तोच असं अजिबात नाही, मशीनवरही तीच शेड स्वस्त इमल्शनमध्ये काढून मिळते. नंबराबरोबर मालाचं नाव आणि बेस बघा.

जाब विचारला तर म्हणतो, "डार्क शेड कोकणात टिकत नाही, काकींनीच निवडली." साफ खोटं. गेरूचा लाल हा लोहाच्या ऑक्साइडचा रंग, उन्हात टिकणाऱ्यांपैकी. लवकर उडतात ते भडक लाल, नारिंगी, जांभळे. आईच्या निवडीवर खापर फोडलं, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे. नंतर फीत लावून मापलं तर भिंती २,१८० चौरस फूट भरल्या. दारं-खिडक्याही रंगात धरल्या होत्या, म्हणजे नुसत्या मापात १४,७२० रुपये खाल्ले. माप स्वतः घ्या. वरच्या दर्जाचं इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं, त्यावरून किती डबे लागतील तेही काढा.

पोलिसांकडे गेलो. "पैसे स्वखुशीने दिलेत ना? भिंतीला रंग लागलाय ना? मग हा दिवाणी मामला." बाटल्या टेबलावर ठेवल्या, त्यांच्याकडे बघितलंही नाही. साधा अर्ज घेऊन पोच द्यायलाही तयार नव्हते. दुसऱ्याच्या डब्यात भलताच माल भरून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? रंगाचा दुकानदार म्हणतो, तुमच्या नावावर बिल नाही. कंपनीचा माणूस आला, भिंतीवर बोट फिरवलं, "ओल आहे" म्हणाला आणि बॅच नंबर मागितला. बॅच नंबर डब्यावर, डबे कंत्राटदाराने नेले! कंपनीची वॉरंटी बिलाशिवाय नाही. ज्याच्याकडे जावं तो पुढच्याचं दार दाखवतो, आणि आईचं वय बघून कुणाला खुर्चीही द्यावीशी वाटली नाही. दमून आपण सोडून देऊ, एवढाच यांचा हिशेब.

मी सोडणार नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कागद जमवतोय. तुम्ही रंग स्वतः दुकानातून आणा, कंत्राटदाराला फक्त मजुरी द्या. काम संपेपर्यंत रिकामे डबे झाकणांसकट घरात ठेवा. टोकन नंतर खुशाल देऊन टाका, त्याच्या हक्काचं आहे.

आणि आमच्याच भागातल्यांना: तो आता दुसऱ्या गावांत कामं घेतोय आणि मोबाइलवर गेरूच्या लाल रंगाचं, पांढऱ्या पट्ट्यांचं, जांभ्याच्या पायऱ्यांचं घर नमुना म्हणून दाखवतो. ते आमचं घर आहे, काम संपलं त्या दिवशीचा फोटो. होकार देण्याआधी त्याला म्हणा, "हे घर आत्ता दाखवायला ने."