काळ्या मातीवरचा खडीचा रस्ता : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात, उसाच्या आणि हळदीच्या शेतांच्या मधोमध आमचे घर आहे. गावच्या डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत आणि तिथून पुढे गोठ्यापर्यंत मिळून 90 मीटर अंतर आहे. जमीन काळी आणि कसदार. पिकाला जितकी चांगली, गाडीला तितकीच वाईट. जूनपासून मोटार डांबरी रस्त्याच्या कडेला उभी करायची, चपला हातात घ्यायच्या आणि गॅसचे सिलिंडर आले की ते दोघांनी धरून चिखलातून आणायचे, असे आम्ही सहा पावसाळे केले. एप्रिल 2024 मध्ये खडीकरण करून घेतले. त्यानंतर दोन पावसाळे आणि उसाचा एक पूर्ण हंगाम या रस्त्यावरून गेला आहे, त्यामुळे काय टिकले आणि काय फसले हे आता सांगता येईल.

काँक्रीट का केले नाही, असे अनेकजण विचारतात. खर्च हे एक कारण होतेच, पण मुख्य कारण खालची माती हे होते. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते; ते पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मार्चअखेर आमच्या शेतात मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा हलत्या जमिनीवर पातळ काँक्रीटला तडे जातात आणि तडा गेलेले काँक्रीट घरच्या घरी दुरुस्त होत नाही. खडीचा रस्ता जमिनीबरोबर थोडा हलतो आणि बिघडला तरी दंताळे, फावडे आणि धुम्मस (जमीन ठोकून दाबायचे जड अवजार) यांनी पुन्हा जागेवर आणता येतो. मात्र काळ्या मातीवर थेट खडी टाकणे म्हणजे विहिरीत खडी टाकण्यासारखे आहे. ओल्या मातीवर चाकाचा भार आला की खडी खाली रुतते आणि तिच्या फटींतून चिखल वर येतो. आमच्या शिवारात दरवर्षी दोन डंपर खडी टाकणारे आणि दरवर्षी ती गमावणारे लोक मी पाहिलेले आहेत.

म्हणून आम्ही साडेतीन मीटर रुंदीत वरची 20 सेंटीमीटर माती जेसीबीने काढली. ती सुमारे 22 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) निघाली आणि सगळी शेतातच पसरली. उघड्या पडलेल्या तळावर रोलर फिरवून त्यावर भू-वस्त्र, म्हणजे जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरले. आम्ही घेतलेले कापड न विणलेल्या प्रकारचे, प्रति चौरस मीटर 200 ग्रॅम वजनाचे, जाड नमद्यासारखे दिसणारे होते. त्यातून पाणी झिरपते, पण माती आणि दगड एकमेकांत मिसळत नाहीत. त्यावर दबाईनंतर 15 सेंटीमीटर भरेल इतका कठीण मुरूम, त्यावर 10 सेंटीमीटर मोठी खडी आणि सर्वांत वर साडेसात सेंटीमीटर बारीक खडी व कच (दगडाचा भुगा) असे थर घातले. दबाईत थराची जाडी बरीच कमी होते, त्यामुळे मुरूम 22, मोठी खडी 15 आणि वरचा माल 11 ब्रास लागला. हिशेब करताना दबलेली जाडी धरून त्यावर तीस टक्के वाढवून मागवावे, नाहीतर शेवटचा डंपर संपतो तेव्हा रस्ता शिल्लक असतो. मुरूम आणि खडी आणणाऱ्या प्रत्येक गाडीचा वाहतूक पास पाहून त्याची प्रत जवळ ठेवावी, हेही इथेच सांगून टाकते.

मुरूमाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी भांडण झाले. पहिला डंपर रिकामा झाला तेव्हा माल रंगाने ठीक दिसत होता, पण मूठभर घेऊन पाणी लावले आणि तळहातावर वळले तर त्याची शेवयांसारखी वळी झाली. चांगला मुरूम असा वळत नाही, तो हातात खरखरतो आणि फुटतो. वळी होते याचा अर्थ त्यात माती फार आहे आणि पहिल्या पावसात त्याचे लोणी होणार. तो डंपर परत पाठवला. ठेकेदार नाराज झाला, पण पुढचा माल नीट आला.

कापडावरून तर सगळ्या गावाने आम्हाला वेड्यात काढले. शेजारचे आबा बांधावर बसून काम पाहत होते. ते म्हणाले, ‘‘आवो ताई, त्या फडक्यावर पैसं घालवायपरीस दोन डंपर मुरूम वाढवा की.’’ ठेकेदाराचेही मत तेच होते. त्याला कापडाऐवजी तळाला डबराचे सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, करायचे होते. मी ऐकले नाही, पण हिशेबात मीच चुकले. दोन तुकडे जोडताना एकावर एक किमान अर्धा मीटर चढवावे लागतात, ते मी धरलेच नव्हते, आणि गोठ्याकडच्या शेवटच्या 12 मीटरांना कापड पुरले नाही. रोलर दिवसाच्या भाड्यावर आलेला, मजूर थांबलेले. ‘‘एवढ्याशा तुकड्याने काय होतंय’’ असे ठेकेदार म्हणाला आणि मीही मान डोलावली.

त्या चुकीमुळे एकाच रस्त्यावर, एकाच मातीवर आणि एकाच पावसात दोन पद्धतींची तुलना आपोआप झाली. या ऑक्टोबरमध्ये मी दोन्ही ठिकाणी पहारीने आणि कुदळीने वीतभर रुंदीचा खड्डा खणून घेतला. कापड असलेल्या भागात वरून खाली खडी, मुरूम, कापड आणि मग काळी माती असे थर केकच्या तुकड्यासारखे वेगवेगळे दिसले; टेपने मोजले तर मुरूमाची जाडी केली होती तेवढीच भरली. गोठ्याकडच्या खड्ड्यात मात्र मुरूम कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते हे कळत नव्हते. खडीचा एकेक दगड काळ्या चिकणमातीत बेदाण्यासारखा रुतला होता आणि हाताने सुटत नव्हता. वरून पाहिले तर त्या 12 मीटरांत चाकांच्या दोन चाकोऱ्या आहेत, त्यांत पाणी साचते आणि म्हशी तिथूनच जातात, त्यामुळे तो भाग पुन्हा पाणंद झाला आहे. आबांना खड्डे दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि ‘‘बरं दिसतंय’’ एवढेच म्हणाले.

पाण्याच्या निचऱ्याचे काम निम्मे बरोबर आणि निम्मे चुकले. माती 20 सेंटीमीटर काढली आणि थर साडेबत्तीस सेंटीमीटरचे घातले, त्यामुळे रस्ता शेतापेक्षा चार-पाच इंच उंच राहिला, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शेतापेक्षा खोल असलेला रस्ता पावसाळ्यात ओढा होतो. मध्यभाग कडांपेक्षा 7 सेंटीमीटर उंच ठेवला, म्हणजे दोन्ही बाजूंना चार टक्के उतार मिळाला. रोलरचालकाला रस्ता टेबलासारखा सपाट करण्याची हौस होती. त्याला दोरी लावून उतार दाखवावा लागला आणि कडांकडून मध्याकडे दबाई करायला सांगावे लागले. पाणी वाहून जायला दोन्ही बाजूंना चाऱ्या काढल्या.

चूक झाली ती मोरीत, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेत. रस्त्याच्या मध्यावर जमीन थोडी खोलगट आहे आणि वरच्या शेताचे पाणी तिथून रस्ता ओलांडते. तिथे ठेकेदाराने सहा इंची पीव्हीसी पाईप टाकला आणि पाण्याच्या मानाने तो मला पुरेसा वाटला. पाण्याबरोबर काय वाहून येते याचा विचार मी केला नव्हता. जुलै 2024 मधल्या एका रात्री वरच्या शेतातले उसाचे पाचट वाहून येऊन पाईपच्या तोंडाशी अडकले. सकाळी पाहिले तर त्याची चटईसारखी घट्ट वीण झाली होती, मागे तळे साचले होते आणि पाणी रस्त्यावरून जाऊन पलीकडची कड दोन हात खचली होती. बारीक खडी हळदीच्या सऱ्यांत जाऊन पडली. ती वेचायला दोन बायकांचे दोन दिवस गेले. पाऊस उघडल्यावर तो पाईप काढून वाहनांचा भार सोसणाऱ्या एनपी-3 वर्गाचा बारा इंची सिमेंटचा ह्यूम पाईप बसवला, दोन्ही तोंडांशी दगडी तोंडभिंत बांधली आणि वरच्या बाजूला हातभर अंतरावर लोखंडी गजांची जाळी उभी केली. आता पाचट जाळीला अडते आणि दंताळ्याने ओढून काढता येते. या पावसाळ्यात जाळी सात-आठ वेळा साफ केली, पण रस्त्यावरून पाणी एकदाही गेले नाही.

वरच्या थराबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण रोजचा संबंध त्याच्याशीच येतो. आम्ही ‘वीस एमएमची खडी’ एवढेच सांगितले आणि क्रशरवाल्याने एकाच आकाराची, कच नसलेली स्वच्छ खडी पाठवली. दिसायला ती फार सुरेख होती. पण रोलर कितीही फिरवला तरी ती बसेना. तिच्यावर मोटारसायकल डुलायची आणि सासूबाई काठी टेकवायलाही घाबरू लागल्या. एकाच आकाराच्या दगडांमधल्या पोकळ्या भरायला बारीक माल नसेल तर ते एकमेकांत अडकत नाहीत. शेवटी तीन ब्रास कच वर पसरला, झाडूने फटींत घातला, पाणी मारले आणि पुन्हा रोलर फिरवला, तेव्हा पृष्ठभाग घट्ट झाला. आज मागवायची असेल तर मी वीस एमएमपासून भुकटीपर्यंतचा मिश्र माल मागेन. स्कॉटलंडचा जॉन लाउडन मॅकॅडम 1816 मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा अधिकारी झाला. खालची माती कोरडी ठेवा आणि वर फोडलेला, कोनदार दगड वापरा, हे तो तेव्हाच सांगत होता. तळाला मोठे धोंडे घालण्याची गरज नाही असेही त्याचे म्हणणे होते, आणि सोलिंगच्या वादात मला त्याचा आधार वाटला. फाटकाजवळ शोभेसाठी टाकलेल्या पांढऱ्या गोलगोट्यांची हौस मात्र माझीच. ते चाकाखालून गोट्यांसारखे उडतात. एक उडून मोटारीच्या दिव्याला लागला. आता ते तुळशीभोवती आहेत.

पहिल्या वर्षीचा अनुभव पाहता, दरवर्षी मेअखेर चाऱ्या उपसायच्या आणि कडा नीट करायच्या असे ठरवले होते. 2025 ने तो बेत मोडला. मे महिन्यातच वळवाचा धुमाकूळ सुरू झाला आणि 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, तेव्हा आमच्या चाऱ्या गाळाने अर्ध्या भरलेल्या होत्या. शिवाय रस्त्याच्या कडांवर हरळी आणि लव्हाळा वाढून त्यात गाळ अडकला होता आणि दोन्ही बाजूंना चार बोटे उंचीचा बांध तयार झाला होता. मध्यावरून उतरलेले पाणी चारीत न पडता त्या बांधाला धरून रस्त्यावरूनच लांबवर वाहू लागले आणि त्याने कच धुऊन नेला. भर पावसात दर तीन मीटरांवर कुदळीने तो बांध तोडून पाण्याला वाट दिली. यापुढे ही सगळी कामे एप्रिलमध्येच करणार आहे. गवत काढताना ते नुसते कापून चालत नाही, गाळासकट खरवडावे लागते.

कोरड्या दिवसांतला त्रास वेगळा आहे. फाटकाच्या आत, जिथे सगळे ब्रेक दाबतात, तिथे फेब्रुवारीपर्यंत पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटतात आणि मोटारीतले डबे खडखडू लागतात. पहिल्यांदा मी त्या खळग्यांत नवीन खडी भरली. महिन्याभरात लाटा परत आल्या. उपाय असा, की लाटेच्या तळापर्यंत पूर्ण थर खरवडून सैल करायचा, पाणी मारायचे, उतार देऊन पसरायचा आणि पुन्हा दाबायचा. ट्रॅक्टरचे लेव्हलर आणि भाड्याचा छोटा रोलर यांनी ते अर्ध्या दिवसात होते. गाडी हळू आणली तर लाटा उशिरा पडतात, पण दूधवाल्याला हे पटवणे माझ्याच्याने झालेले नाही. धुळीवर मला समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी मारतो, तरी पश्चिमेकडच्या खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात.

उसाच्या हंगामात शेजाऱ्यांचा ऊस आमच्या रस्त्यावरून काढू दिला. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर सरळ भागावरून गेला तेव्हा रस्ता दबला नाही, याचा मला खरोखर अभिमान वाटला. वळणावर मात्र मागच्या ट्रॉलीची आतली चाके रस्ता सोडून कड कापत गेली आणि तिथली खडी शेतात ढकलली गेली. साडेतीन मीटर रुंदी सरळ भागाला पुरते, पण वळणावर आतल्या बाजूने आणखी दीड मीटर रुंदी लागतेच. तेवढा भाग यंदा जानेवारीत कापडासकट वाढवला.

एकूण खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास गेला, त्यात कापडाचा वाटा दशांशाएवढा होता. मोरी दुसऱ्यांदा करण्याचा आणि कच वेगळा आणण्याचा खर्च यात धरलेला नाही. तो माझ्या अज्ञानाचा खर्च आहे. दरवर्षी एक ब्रास मिश्र माल आणि चार-पाच दिवसांची मजुरी देखभालीला लागते.

गोठ्याकडचे ते 12 मीटर येत्या एप्रिलमध्ये पुन्हा खणायचे आहेत. रुतलेली खडी निघेल तेवढी धुऊन वापरू, उरलेली मातीत गेलीच असे धरले आहे. कापड या वेळी जोडाचे अंतर धरून सोळा मीटर आणले असून ते उन्हाने खराब होऊ नये म्हणून पडवीत गोणपाटाखाली गुंडाळून ठेवले आहे.