माशांच्या टाकीचं ‘सायकलिंग गॅरंटी’ पॅकेज घेऊ नका, माझे 17,210 रुपये गेले

मी विज्ञानाची शिक्षिका आहे हे आधीच सांगून टाकते. 22 वर्षं फळ्यावर नायट्रोजन चक्र काढतेय. तेव्हा ‘एवढी शिकलेली बाई, तुला कळलं कसं नाही’ हे कृपा करून तुम्ही म्हणू नका, घरात ते रोज ऐकतेय.

माशांची टाकी हौसेची नव्हती. माझे सासरे, नाना, ऑक्टोबरात अर्धांगवायूचा झटका आल्यापासून पलंगावरच आहेत. टीव्हीच्या आवाजाचा त्यांना त्रास होतो. फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीने सुचवलं, समोर मासे ठेवा, नजर हलती राहील. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे डोंबिवलीतच घराजवळच्या दुकानातून तीन फुटी टाकी घेतली. साधारण 105 लिटर पाणी मावतं. टाकी, स्टँड, फिल्टर, लाइट मिळून 14,500. त्याबद्दल तक्रार नाही, काच चांगली आहे.

तक्रार पुढच्या गोष्टीची. दुकानदार म्हणाला, “मॅडम, नवीन टाकी सायकल व्हायला वेळ लागतो, त्यात लोकांचे मासे मरतात. आमचं गॅरंटी पॅकेज घ्या. दर रविवारी मुलगा येईल, सगळं बघेल.” टाकी ‘सायकल’ होणं म्हणजे माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी विषारी नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढणं. पॅकेजचे वर्षाचे 6,000, आगाऊ. ‘बॅक्टेरिया’ची बाटली 750, ती वेगळी. मी दिले. नोकरी, स्वयंपाक, नानांचं सगळं अंथरुणात करायचं, त्यात मी पाण्याची तपासणी कधी शिकणार होते? कोणीही दिले असते.

दुसऱ्याच दिवशी त्याने मासे पाठवले. सहा गोल्डफिश आणि आठ मोली, 1,850 रुपयांचे. गोल्डफिश भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. कालच पाणी भरलेल्या टाकीत त्याला सोडणं म्हणजे त्याला मारणंच, हे दुकानदाराला माहीत नसेल? नवव्या दिवसापर्यंत सगळे गेले. तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकत होते, कल्ले लालभडक झाले होते. नाना रोज सकाळी बोटांवर मासे मोजायचे. मी पहाटे चारला उठून मेलेले काढायची आणि त्यांना सांगायची, झाडामागे लपलेत.

दर रविवारी काय व्हायचं ते नीट वाचा, कारण तुमच्याकडेही कोणी येऊन हेच करत असेल. मुलगा यायचा, फिल्टरमधला स्पंज काढायचा, “काकू, किती घाण झालाय बघा” म्हणत पिशवीत घालायचा आणि नवा कोरा स्पंज बसवायचा. पाऊण टाकी रिकामी करून पाइप लावून थेट नळाचं पाणी भरायचा. मग 750 वाली बाटली ओतायचा. आणि शेवटी ‘इन्फेक्शन नको’ म्हणून निळं औषध, 180 रुपये.

त्या तपकिरी चिकट स्पंजातच तर जिवाणू वाढतात! अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते स्पंजाला, खड्यांना धरून राहतात. आठवडाभरात जे काही थोडे जमत होते ते तो पिशवीत भरून घेऊन जात होता. उरलेल्यांना नळातलं क्लोरीन. त्यातूनही कोणी वाचलंच तर निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, त्यानेही हे जिवाणू मरतात. टाकीच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन अजून निळं आहे, घासून जात नाही.

आता तो रविवार सांगते. चौथा. तोवर दुसऱ्या खेपेचे 1,400 रुपयांचे गप्पीही निम्मे मेले होते. मी जरा आवाज चढवला म्हणून मुलाने पाणी तपासायची पट्टी काढली, पाण्यात बुडवली आणि डबीवरच्या रंगांशी लावून दाखवली. “बघा काकू, नायट्राइट झीरो, नायट्रेट झीरो. एकदम सेफ.” आणि मला बरं वाटलं. मी त्याला चहा दिला.

नायट्रेट शून्य! चार आठवडे मासे खातायत, घाण करतायत, मरतायत आणि नायट्रेट शून्य. म्हणजे चक्र पहिल्या पायरीवरच अडलंय, सगळं अमोनियातच साचलंय. हा प्रश्न मी नववीच्या मुलांना घातला असता तर वर्गातल्या निम्म्या मुलांनी बरोबर उत्तर दिलं असतं. आणि त्या पट्टीवर अमोनियाचा चौकोनच नव्हता! जे विष मासे मारत होतं ते सोडून बाकी सगळं मोजून मला दाखवलं गेलं. वर त्याच मिनिटाला माझ्या डोळ्यांसमोर त्याने एका हाताने जिवाणूंची बाटली ओतली आणि दुसऱ्या हाताने जंतू मारायचं औषध. मी तिथेच टॉर्च धरून उभी होते. रात्री झोप येत नाही ती या एका मिनिटामुळे.

पट्टीवर विश्वास ठेवू नका. थेंबांचं अमोनिया टेस्ट किट स्वतः घ्या. मला 1,150 ला मिळालं, पहिल्या दिवशी घेतलं असतं तर बाकी सगळं वाचलं असतं.

तो अडाणी होता, फसवत नव्हता, असं माझे यजमान अजून म्हणतात. नाही. जानेवारीच्या शेवटी, तिसऱ्या खेपेचे 2,200 रुपयांचे मासे मरायला लागले तेव्हा मी एका बुधवारी संध्याकाळी न सांगता दुकानात गेले. तोच मुलगा मागच्या टाक्यांचे स्पंज धूत होता. नळाखाली नाही. त्याच टाकीतलं पाणी बादलीत काढून, त्यात दोनदा पिळून, तेच स्पंज परत बसवत होता. जुनेच. स्वतःच्या माशांसाठी त्यांना सगळं माहीत होतं. मी दुकानदाराला म्हटलं, यातला एक जुना स्पंज मला द्या. तर म्हणाला, “रोग येईल मॅडम.”

मग मी घरी दोन बादल्या भरल्या. पाणी क्लोरीन काढलेलं, दोन्हींत हवेचे पंप, दोन्हींत अमोनिया 2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅम. एकीत त्याची बाटली ओतली, दुसरीत शाळेतल्या सहकाऱ्याच्या जुन्या टाकीतला स्पंज टाकला. स्पंजाच्या बादलीत चौथ्या दिवशी अमोनिया शून्य. बाटलीच्या बादलीत चौदाव्या दिवशीही 2 च्या 2. बाटलीवर उत्पादनाची तारीख नाही, पत्ता नाही, आणि ‘सुप्त बीजाणू, 5 वर्षे टिकतात’ असं छापलंय. बीजाणू म्हणजे जिवाणूंचं कवचातलं झोपलेलं रूप. अमोनियाचं नायट्रेट करणारे हे जिवाणू बीजाणू करतच नाहीत. अशा सहा बाटल्यांचे मी 4,500 दिले.

हिशोब: पॅकेज 6,000, बाटल्या 4,500, मासे 5,450, निळं औषध सात वेळा 1,260. एकूण 17,210. वह्या, फोटो, सगळं आहे माझ्याकडे. पक्कं बिल फक्त टाकीचं आहे. बाकी पैसे दुकानदाराच्या मेव्हण्याच्या नंबरवर गेले, कारण ‘दुकानाचा क्यूआर चालत नाहीये’. असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

पोलीस चौकीत गेले. अंमलदाराने पूर्ण ऐकलंसुद्धा नाही. “मासे मेले म्हणून तक्रार?” असं म्हणून शेजारच्याकडे बघून हसला. मग म्हणाला, ही दिवाणी बाब आहे. बँकेत गेले, तर पिन तुम्हीच टाकला ना, मग फसवणूक कसली. तक्रारीच्या फोनवर तीनदा तक्रार क्रमांक मिळाला आणि तीनदा तक्रार ‘निकाली’ निघाली, तीही कोणी माझ्याशी न बोलता. दुकानांच्या परवान्याच्या खिडकीवर सांगितलं, जिवंत प्राणी आमच्याकडे नाहीत. प्राण्यांच्या कार्यालयात सांगितलं, मासे आमच्याकडे येत नाहीत. माशांच्या कार्यालयात सांगितलं, शोभेच्या माशांच्या किरकोळ दुकानाचं आम्ही काय करणार. तीन अर्ध्या रजा गेल्या. प्रत्येक ठिकाणी मी उभी आणि समोरचा बसलेला. अर्जाची पोच मागितली की चेहरे बदलतात. 17,210 ही रक्कम त्यांना लहान वाटते. माझ्या घरी नानांच्या दीड महिन्याच्या औषधांचा खर्च आहे तो!

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणून चिठ्ठी-चपाटी, मेसेज, रिकाम्या बाटल्या काही फेकू नका.

टाकी आता ठीक आहे. सहकाऱ्याचा स्पंज फिल्टरमध्ये टाकला, मासे न सोडता जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियाचे थेंब दिले, एकविसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट 20. असा स्पंज मिळाला नाही तर चार ते सहा आठवडे धरा, त्याआधी ‘टाकी सायकल झाली’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अमोनिया 5 च्या वर चढला तर चक्रच अडू शकतं, अर्धं पाणी बदला. पीएच साडेसहाच्या खाली गेला तरी जिवाणू मंदावतात, तोही बघा. नळाचं पाणी थेट कधीच नाही. स्पंज फाटेपर्यंत टिकतो, नवा घ्यायचाच झाला तर जुन्याशेजारी महिनाभर ठेवा. आजारी माशाला औषध वेगळ्या भांड्यात.

नानांच्या समोर सध्या सहा झेब्रा डॅनिओ आहेत. काल त्यांनी बोटं मोजून दाखवली, सहा.

आणि गेल्या रविवारी तोच मुलगा समोरच्या इमारतीत नवी टाकी घेऊन चढताना दिसला. मी गॅसवरची भाजी तशीच टाकून खाली पळाले, त्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी फोन उघडून दाखवला. 6,000 आदल्या रात्रीच गेले होते, त्याच मेव्हण्याच्या नंबरवर.