तुरुलच्या गोष्टीला भुललो आणि लाखभर रुपयांना फसलो

नोकरीसाठी बुडापेस्टला असताना जुन्या वस्तूंच्या बाजारात मी एक तलवार घेतली. साडेचार लाख फोरिंट मोजले, आपले लाखभर रुपये. तिकडची तलवार घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर आधी हे वाचा.

पातं वाकडं, गंजाने जागोजागी खाल्लेलं. मुठीजवळ पंख पसरलेला पक्षी, पंजात तलवार. विक्रेता म्हणाला, हा तुरुल, मॅग्यारांचा, म्हणजे हंगेरियन लोकांचा, पवित्र पक्षी, आणि पातं सोळाव्या शतकातलं. मग एमेशेची गोष्ट रंगवून सांगितली. तिच्या स्वप्नात तुरुल आला, पुढे तिला आल्मोश झाला आणि त्याच्याच वंशात हंगेरीचे राजे जन्मले. 'आलोम' म्हणजे स्वप्न, त्यावरून आल्मोश. लहानपणी आजीकडून गरुडाच्या गोष्टी ऐकलेला मी तिथेच विरघळलो. पातं नीट पाहिलंच नाही.

गोष्ट त्याच्या पदरची नव्हती. 1200 च्या आसपासच्या लॅटिन बखरीत ती आहे. खोटा होता तो पक्षी.

तलवारी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाला, पंखाची रेघ बघ. रेघ गंजाच्या खड्ड्यात उतरत होती, तळातून जाऊन पलीकडे वर येत होती. खड्ड्याच्या तळाशीसुद्धा कोरलेलं पीस स्पष्ट दिसत होतं. म्हणजे आधी गंज, मग पक्षी! नक्षी जुनी असती तर गंजाने तीही खाल्ली असती. पातं एकोणिसाव्या शतकातल्या साध्या घोडदळी तलवारीचं निघालं.

दुसरी खूण मला स्वतःला कळायला हवी होती. पंजात तलवार धरलेला तुरुल मी रोज बुडाच्या किल्ल्यावर बघत होतो. तो पुतळा 1905 चा, टाटाबान्या शहराजवळचा 1907 चा. हे रूप घराघरात पोचलं ते मॅग्यार हंगेरीत आल्याच्या 1896 मधल्या सहस्राब्दी सोहळ्याच्या आगेमागे. हुसारांच्या, म्हणजे हंगेरीच्या घोडेस्वारांच्या, जुन्या तलवारींवर सूर्य, चंद्रकोर, तारे, मेरीमाता असं कोरलेलं आढळतं. चोचीत अंगठी धरलेला कावळा दाखवून 'मात्याश राजाची तलवार' म्हणणारेही भेटतील. ते या पंधराव्या शतकातल्या हंगेरीच्या राजाच्या हुन्यादी घराण्याचं चिन्ह आहे खरं, पण ते आजही कुणीही कोरू शकतो.

विक्रेत्याकडे पैसे परत मागायला गेलो तर त्याने माझीच पावती पुढे केली. तिच्यावर 'शोभेची तलवार' एवढंच होतं. शतक तो तोंडानेच बोलला होता. तुम्ही ते पावतीवर लिहून मागा, आणि त्याने टाळाटाळ केली तर तलवार तिथेच ठेवून या.