क्रूझच्या पत्रकातलं बर्लिन

उत्तर युरोपच्या क्रूझला निघालेल्यांना सगळे एकच सांगतात, पाकिटं सांभाळा. कोपनहेगनला खिसेकापू, स्टॉकहोमला टॅक्सीवाले. खोटं नाही ते. पण आमचे पैसे गेले ठाणे शहरात, ट्रॅव्हल एजंटच्या एसी ऑफिसात, समोर चहा-बिस्किटं ठेवलेली असताना. तिकडे कोणी आमच्या एका छदामालाही हात लावला नाही. म्हणून आधी ठाण्याबद्दल लिहिते.

सहल 2024 च्या जूनमधली. मी, आमचे हे, वन्सं आणि त्यांचे यजमान. व्यवहार वन्संच्या यजमानांनी ठरवला, कारण एजंट त्यांच्या ओळखीच्यांच्या ओळखीचा. माणशी 2,90,000 रुपये. त्यात विमान, व्हिसा आणि सात रात्रींची क्रूझ, "सगळं धरून". गुळगुळीत कागदावरच्या पत्रकात बंदरं अशी: कोपनहेगन, बर्लिन, टॅलिन, सेंट पीटर्सबर्ग, हेलसिंकी, स्टॉकहोम.

आता नकाशा उघडा. बर्लिनला समुद्र कुठे आहे? जहाज लागतं वार्नेम्युंडेला, रोस्टॉक शहराच्या समुद्राकडच्या टोकाला. तिथून बर्लिन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बसने जायला तीन तास आणि यायला तीन तास. जहाजावरून बर्लिनची सहल मिळते, पण तिचे पैसे वेगळे. आम्हाला माणशी दोनशे डॉलरच्या वर सांगितले. क्रूझ कंपन्याही मोठ्या शहराचं नाव पुढे करतात. ल हाव्रला पॅरिस म्हणतात, साउदॅम्प्टनला लंडन. मात्र त्यांच्या कागदावर कंसात खऱ्या बंदराचं नाव असतं. आमच्या पत्रकातून तेवढा कंस गाळलेला होता. आमचं स्टॉकहोमही असंच निघालं. जहाज थांबलं न्युनेसहाम्नला, आणि तिथून लोकल गाडीने स्टॉकहोम गाठायला तासभर.

सेंट पीटर्सबर्गचं तर नावच घ्यायला नको होतं. पूर्वी बाल्टिक क्रूझचं ते सगळ्यात मोठं आकर्षण. मान्यताप्राप्त सहलीबरोबर क्रूझच्या प्रवाशांना 72 तासांपर्यंत रशियात बिनव्हिसा उतरता यायचं, त्यामुळे जहाजं तिथे मुक्काम करायची. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि मोठ्या कंपन्यांनी ते बंदर सोडलं. आम्ही पैसे भरले जानेवारी 2024 मध्ये. निघायच्या आधी विचारलं तर उत्तर आलं, "युद्धामुळे ऐनवेळी रद्द झालं, मॅडम, आपल्या हातात काय आहे?" युद्धाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि याची ऐनवेळ अजून चालूच होती!

केबिनची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण यात कुणीही सापडेल. आम्हाला दोन बाल्कनी केबिन विकल्या होत्या. जूनअखेरीस हेलसिंकीला सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमाराला मावळतो. तो बाल्कनीत बसून बघायचा, ही वन्संची हौस. एजंटने दिलेल्या व्हाउचरवर "बाल्कनी" असं ठळक छापलेलं होतं. पण तो कागद त्याचा स्वतःचा, लोगो त्याचा आणि बुकिंग नंबर म्हणून घातलेला आकडा त्याच्या ऑफिसच्या फाइलचा. क्रूझ कंपनीचा खरा नंबर वारंवार मागितला तरी "सिस्टममध्ये येतोय" एवढंच. तो मिळाला निघायच्या आठवड्यात. कंपनीच्या ॲपमध्ये आडनाव, तारीख आणि तो नंबर घातला, तर समोर आलं "इनसाइड, गॅरंटी".

इनसाइड म्हणजे खिडकीच नसलेली खोली. गॅरंटी म्हणजे प्रकार ठरलेला, पण खोली कुठली ते कंपनी आपल्या सोयीने शेवटी ठरवणार, म्हणून ती सगळ्यात स्वस्त. हे मला नीट समजावलं ते जहाजावर आमची खोली आवरणाऱ्या म्हापशाच्या मुलाने. (या जहाजांवर गोव्याची माणसं खूप. परक्या समुद्रात कोणी आपल्या भाषेत बोलायला लागलं की किती बरं वाटतं!) एजंटला व्हॉट्सॲपवर विचारलं तर म्हणतो, "खोलीत फक्त झोपायचंच तर असतं." रद्द करायची सोय नव्हतीच, शेवटच्या दिवसांत रद्द केलं तर क्रूझचे बहुतेक सगळे पैसे बुडतात आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नंबर इतका उशिरा का दिला, हे तेव्हा उमगलं.

जहाजावर रोज माणशी 16 ते 20 डॉलर टिप आपोआप खात्यावर चढते. तीही म्हणे "सगळं धरून" मध्ये होती. नव्हती. काउंटरवर सांगून ती कमी करून घेता येते असं एका सहप्रवाशाने सुचवलं. मला ते पटलं नाही. एजंटने लुबाडलं म्हणून म्हापशाच्या मुलाचे पैसे कापायचे?

पण हे सगळं फिकं पडावं असं प्रकरण टीसीएसचं. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला आपल्याकडून हा कर गोळा करून सरकारात भरावा लागतो. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. 2023 च्या अर्थसंकल्पात तो 5 वरून 20 टक्के करणार अशी घोषणा झाली, पेपरात मोठे मथळे आले, ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. पुढे सरकारने सूट दिली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून वर्षाला माणशी 7 लाखांपर्यंत 5 टक्केच लागू झाला, त्यावरच्या रकमेला 20. ही बातमी आतल्या पानावर आली असावी. एजंटने 20 टक्क्यांचा मथळा दाखवून माणशी 58,000 घेतले, तेही कंपनीच्या खात्यावर नाही, "आमचे अकाउंटंट बघतात" म्हणून एका माणसाच्या खासगी खात्यावर. वर सांगितलं की हे पैसे तुम्हाला परतच मिळणार आहेत. परत मिळणाऱ्या पैशांसाठी कोण घासाघीस करतं? डोकं तिथेच वापरलं होतं त्याने.

चौघांचे रिटर्न मीच भरते. नोकरीभर हिशेबच केले. जुलैत 26 एएस, म्हणजे आपल्या पॅनवर किती कर जमा झाला ते दाखवणारं आयकर खात्याचं विवरण, उघडलं तर प्रत्येकाच्या नावावर फक्त 14,500. चौघांचे मिळून उरलेले 1,74,000 कुठे गेले? टीसीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 27 डी मागितला, तेव्हा फोन उचलणं बंद झालं.

तुम्ही बुकिंग करत असाल तर पूर्ण पैसे देण्याआधी क्रूझ कंपनीचा नंबर घ्या आणि कंपनीच्याच साइटवर स्वतः तपासा. केबिनचा प्रकार, बंदरं, तारखा सगळं दिसतं. बंदराचं नाव नकाशावर बघा. टीसीएसचा दर दर वर्षी बदलू शकतो, तो त्या वर्षीचा काय आहे ते सीएला विचारा आणि फर्मच्या खात्याबाहेर रुपयाही टाकू नका. व्हिसाची सरकारी फी किती ते दूतावासाच्या साइटवर असतं. उरलेली सगळी रक्कम कशाची आहे याची पावती मागा. वाटेत मशीनवर कार्ड लावलं की पैसे रुपयांत घेऊ की क्रोनरमध्ये, असं विचारतात. क्रोनर म्हणा, रुपयांचा दर तिथे आपल्याला महाग पडतो. स्टॉकहोमला टॅक्सीचे दर सरकार ठरवत नाही, म्हणून बसण्याआधी खिडकीवरचं पिवळं दरपत्रक वाचा.

वार्नेम्युंडे मात्र मला आवडलं. दीपगृह, त्याच्या पायथ्याचं लाटांसारख्या छपराचं चहाघर, मासेमारीच्या होड्या लागलेला जुना कालवा आणि वाळूत ओळीने मांडलेल्या वेताच्या झाकलेल्या खुर्च्या. बर्लिनला न जाता दिवसभर तिथेच रेंगाळलो. पण ते आमचं आम्ही शोधलं, पत्रकाचं त्यात काही श्रेय नाही.

परतल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आणि वकिलाची नोटीस पाठवली. टीसीएसचे 1,74,000 "क्लेरिकल मिस्टेक" म्हणून परत आले. केबिनच्या फरकासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. तेव्हा ई-दाखिल या सरकारी साइटवर अर्ज भरला होता, आता त्या जागी ई-जागृती आहे. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी 400 रुपये, वकील असलाच पाहिजे असं नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. एजंटचा वकील तारखेला येतो आणि मुदत मागतो. त्याचं छापील पत्रक, बनावट व्हाउचर आणि खासगी खात्याचे यूपीआय स्क्रीनशॉट मी फाइलला लावले आहेत. व्हॉट्सॲपवरचं "फक्त झोपायचंच तर असतं" हेही.