बाळाला शेंगदाणा आणि अंडं: सहाव्या महिन्यात की दोन-तीन वर्षांनी?

घरातल्या मोठ्यांचं मत बहुधा 'थांबा' असतं आणि त्याला एके काळी डॉक्टरांचाही पाठिंबा होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली सांगितलं होतं की, घराण्यात अ‍ॅलर्जी असेल तर बाळाला अंडं दोन वर्षांनंतर आणि शेंगदाणा तीन वर्षांनंतर द्या. 2008 मध्ये त्यांनी हा सल्ला मागे घेतला, कारण थांबल्याने अ‍ॅलर्जी टळते याला पुरावाच सापडेना.

उलट बाजूचा पुरावा 2015 मध्ये लंडनहून आला. तिथले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांच्या गटाने तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन सतत खाजणं) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली. निम्म्यांना नियमित शेंगदाणा दिला, निम्म्यांना अजिबात नाही. पाच वर्षांची होईपर्यंत न खाणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांना. एवढा फरक असल्यावर 'थांबा' म्हणणं मला तरी पटत नाही.

यामागची कल्पना अशी: पदार्थ पोटातून ओळखीचा झाला तर शरीर तो सहन करायला शिकतं, फाटलेल्या, खाजऱ्या त्वचेतून आधी शिरला तर त्याला शत्रू मानतं. म्हणून एक्झिमा असलेल्या बाळाला शेंगदाणा तेलाने मालिश करू नका, आपल्याकडे हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

अंड्याचं चित्र इतकं स्वच्छ नाही. जपानमध्ये एक्झिमाच्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची भुकटी अगदी थोडी दिली, तेव्हा वर्षाच्या वयात अंड्याची अ‍ॅलर्जी न खाणाऱ्यांपैकी 38 टक्क्यांना, तर खाणाऱ्यांपैकी 8 टक्क्यांना दिसली. कच्च्या अंड्याची भुकटी वापरलेल्या प्रयोगांत मात्र काही बाळांना रिअ‍ॅक्शन आली. त्यामुळे अंडं पूर्ण उकडलेलंच, पिवळं-पांढरं दोन्ही, सुरुवातीला चिमूटभर.

अंगावरचं दूध की डब्याचं, हा प्रश्नही याच ओघात विचारला जातो. पहिले तीन-चार महिने फक्त आईचं दूध मिळाल्याने लहानपणीचा एक्झिमा कमी होतो, असं दिसतं; अन्नाची अ‍ॅलर्जी टळते असा भक्कम पुरावा नाही. आईने पथ्य म्हणून शेंगदाणा, दूध सोडण्याचाही उपयोग दिसलेला नाही. अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी महागडा हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला (प्रथिनं आधीच बारीक तोडलेलं डब्याचं दूध) घेणार असाल तर पैसे वाचवा.

बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा अंड्याने आधीच पित्त उठलं असेल, तर घरी प्रयोग नको, आधी बालरोगतज्ज्ञ. इतरांनी वरचं अन्न रुळलं की दाण्याचं बारीक कूट पातळ पेजेत किंवा मऊ भातात कालवून सकाळी द्यावं, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. अख्खा दाणा घशात अडकतो, तो पाच वर्षांपर्यंत नकोच. आणि एकदा पचला की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा. लंडनच्या प्रयोगातही बाळं आठवड्याला 6 ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन, तीन किंवा जास्त वेळांत विभागून, वर्षानुवर्षं खात होती.